ओपलेला गाभा

टेबलावर ठेवलेला गाभा श्वास घेत होता.

निदान पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. गाभा बटणाएवढा, काळा, आरशासारखा चकचकीत. त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. आसपास दुसरं काहीच नव्हतं; ना पट्टी, ना पोट, ना बाळ. तरीही पडद्यावरची रेघ सावकाश वर चढत होती आणि सावकाश खाली उतरत होती, कुणीतरी गाढ झोपल्यासारखी.

ईशानी मगदूम खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्या रेघेकडे बघत होती. बाळंतपणाच्या रजेवर असलेली बाई सकाळी सकाळी कंपनीच्या प्रयोगशाळेत आलेली बघून फाटकावरच्या माणसानंसुद्धा, "बाळ बरं आहे ना?" असं विचारलं होतं. बाळ बरं होतं. सहा आठवडे बरं होतं, आणि तेच तिला खुपत होतं.

निहिरा अडीच महिने आधी जन्मली. इतक्या लवकर आलेली मुलं झोपेत श्वास घ्यायचं विसरतात. मेंदूला अजून ती सवय लागलेली नसते. त्यासाठी डॉ. नाझनीन मुजावरांनी एक औषध सुरू केलं होतं, कॉफीतल्याच अर्काचं. त्यावर ईशानीच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, दात यायच्या आधी कॉफी पिणारं आपल्या घरातलं हे पहिलंच माणूस. औषधाच्या जोडीला पोटावर श्वासपट्टी. पट्टीत हा गाभा. बाळाचं पोट हललं की पट्टी किंचित ताणते, गाभ्यातलं चुंबकत्व बदलतं आणि पट्टीवरचा मणी हिरवा राहतो. पोट हलायचं थांबलं की मणी लाल होतो आणि पट्टी ओरडते.

ही पट्टी ईशानीच्याच कंपनीची. पट्टीवर आकडे नकोत, नुसता मणी हवा, असं ठरलं तेव्हा तीही त्या बैठकीत होती. आकडे बघत बसणाऱ्या आया झोपत नाहीत, असं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिला तो विचार मायेचा वाटला होता. तेव्हा ती आई नव्हती.

सहा आठवड्यांत मणी एकदाही लाल झाला नाही. उद्या सकाळी डॉ. मुजावर औषध बंद करणार होत्या, पट्टीही काढणार होत्या. घरात पेढे आणायचं बोलणं चाललं होतं. आणि काल संध्याकाळी, निहिराला पुसून घेताना, ईशानीनं पट्टी सोडून पलंगावर टाकली, तर मणी हिरवाच. लंगोट बदलून झालं, झबलं घालून झालं, मणी हिरवाच.

"बाळाच्या अंगाची ऊब राहिली असेल त्यात," सासूबाई म्हणाल्या. नवरा फोनवर म्हणाला की तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं. ते खोटंही नव्हतं. गेल्या महिन्यात तिला दुधाच्या बाटलीत तडा दिसला होता, जो नव्हता. पाळण्याच्या कडीत गंज दिसला होता, जो हळदीचा डाग निघाला. म्हणून ती पुढे काही बोलली नाही. सकाळी तिनं पट्टीतला गाभा काढला, कपाटात पडून असलेला अगदी पहिल्या खेपेतला नमुन्याचा गाभा त्या जागी बसवला, सासूबाईंना म्हणाली की तासाभरात येते, आणि निघाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. शकुंतला हेरवाडकर चष्मा कपाळावर ढकलून रेघेकडे बघत होत्या. ईशानीला वाटत होतं की आता त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी उठून टेबलावरची घड्याळं, फोन, पंखा, सगळं दूर नेलं. रेघ चालूच.

"तुमच्याकडे पहिल्या खेपेतला अजून एक असेल ना?" ईशानीनं विचारलं.

मॅडमनी खणातून काढला. तोही काळाच, पण पाटीसारखा मंद, चमक नसलेला. तारेचे वेढे त्याच्यावर चढवले आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली. बोट लावलं की हलायची, बोट काढलं की सरळ.

"हा गप्प आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझा बोलतोय. दोघांची माती एक, भट्टी एक. फरक फक्त वरच्या कातडीत आहे. मला सांग, आपल्या रेखाटनात चकाकी कुठे लिहिली आहे?"

कुठेच लिहिली नव्हती. पृष्ठभाग सपाट हवा, एवढंच लिहिलं होतं.

मॅडमना शिकवायची हौस होती आणि धीरही. त्यांनी कागद ओढला आणि चौकोन चौकोन काढले. ही चुंबकी माती म्हणजे शेत समज, त्या म्हणाल्या. आत बारीक बारीक वाफे असतात. एका वाफ्यातले सगळे कण एका दिशेला तोंड करून. दोन वाफ्यांच्या मध्ये बांध. बाहेरून चुंबकत्व जरा बदललं की बांध सरकतात, आणि ते सरकतात म्हणूनच आपल्याला बाळाचं पोट हललेलं कळतं. चांगला गाभा म्हणजे ज्याचे बांध हलके आहेत तो.

"आणि घासलं की?"

"घासलं की वरची कातडी दाबली जाते. केसाहूनही पातळ थर, पण तो घुसमटलेला असतो. दाबकवच म्हणू त्याला. जितकी चकाकी जास्त, तितकं ते घट्ट. डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, कारण उंचवटे खाली चेपले गेलेले असतात, निघून गेलेले नसतात. त्या कवचात बांध अडकतात. जोराची हालचाल झाली तरच हलतात, आणि हलले की पुन्हा त्याच वाटेनं. अंगाच्या उबेत ती वाट मुरते. गवतावरून रोज एकाच जागेवरून गेलं की पायवाट पडते ना, तशी."

"पण मॅडम, आता तर कोणीच चालत नाहीये."

"आपण वीज देतोय की. ढकलणारा हात आपला, वाट त्याची. नुसतं ढकललं तरी बांध पाठ झालेल्या वाटेनंच जाऊन येतात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "या गाभ्याला कुणाचा तरी श्वास पाठ झालाय, ईशानी."

ईशानीनं ताबडतोब घरी फोन केला. निहिरा झोपली होती, मणी हिरवा होता. तो मंद गाभ्याचा हिरवा होता, म्हणजे खरा होता. तरी तिनं सासूबाईंना बाळाच्या पोटावर हात ठेवून बघायला सांगितलं. त्यांनी ठेवला असावा, किंवा ठेवला नसतानाच हो म्हटलं असावं. फोनवरून ते कळायला मार्ग नव्हता.

गाभे घासायचं काम वर्षभरापूर्वी हुपरीच्या एका कारखान्याला दिलं होतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. पैंजण, वाळे, करदोटे. सपाट घासावं तर त्यांनीच. घरी उशीर होईल असं कळवून ईशानी मॅडमबरोबर तिकडे निघाली. मॅडमची गाडी स्वतःच चालणारी होती, तरी वाटभर त्यांचे दोन्ही हात चक्रावर होते. माझा विश्वास आहे, म्हणाल्या, पण माझ्या हातांचा नाही.

कारखान्याचे मालक बाबासो गाट दारातच उभे होते. साठीचे, पांढरी टोपी, नखांत कायमची काळी रेघ. दोघींना आत नेऊन त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग त्यातली एक बाळंतीण आहे असं कळल्यावर तिचा चहा परत पाठवून दूध मागवलं. मॅडमनी चकचकीत गाभा त्यांच्या तळहातावर ठेवला, तसा त्यांचा चेहरा फुलला.

"आमचाच हाय की. वळख पटली."

हा इतका चमकतो कसा, असं मॅडमनी विचारलं. बाबासोंनी खणातून एक दांडी काढली. टोकाला गुळगुळीत घासलेला अकिकाचा दगड. यंत्रावरचं काम झालं की शेवटचा हात याचा, ते म्हणाले. याला ओप देणं म्हणायचं. चांदीवर हा दगड दाबून फिरवला की खरखर आत बसते आणि वर पाणी चढतं.

"पण आम्ही तर फक्त सपाट मागितलं होतं," ईशानी म्हणाली. "ओपाचे पैसेही तुम्ही कधी लावले नाहीत."

"लावायचे कसे?" बाबासोंना प्रश्नच कळेना. "कंपनीचा माणूस म्हणाला, ल्हान पोरांच्या पोटावर बांधायचं हाय. आमी पोरांच्या वाळ्यांना ओपाचा पैसा घेत न्हाई. माझ्या आज्यापासनं न्हाई. पोराच्या अंगाला लागणारी वस्तू खरखरीत द्यायची म्हंजे काय? माझी सून बसती त्यावर, एकेकाला हातानं ओपती. तुमचे तपासणीवाले तर खूश झाले. म्हणाले, आरसा केलासा."

कंपनीतल्या तपासणीत काही सापडणं शक्य नव्हतं. नवा ओपलेला गाभा अगदी शहाण्यासारखा वागतो. पाठ व्हायला त्याला दिवस लागतात. आणि चकाकणारी वस्तू हातात आली की माणूस तिच्यात दोष शोधत नाही, आपला चेहरा बघतो.

मॅडमनी शक्य तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. बाबासो ऐकत राहिले. मग त्यांनी अकिकाची दांडी उलटी करून टेबलावर ठेवली.

"म्हंजे आमी चांगलं करायला गेलो, आणि..."

"तुम्ही मायेनंच केलंत, काका," ईशानी म्हणाली. "आकडे काढून टाकले ते आम्हीही मायेनंच. दोष दगडात नाही. ही चांदी नाही, एवढंच तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कुणाच्या पोराला काय झालं तर न्हाई?"

बाबासोंनी सुनेला हाक मारून काम थांबवायला सांगितलं, आणि न ओपलेले जेवढे गाभे होते तेवढे एका फडक्यात बांधून गाडीत ठेवले.

परत आल्यावर मॅडमनी वापरून कंपनीकडे परत आलेल्या एका पट्टीतला ओपलेला गाभा काढला; त्याचीही रेघ वरखाली होत होती. तो त्यांनी आम्लात बुडवला. मोजून थोडा वेळ, फक्त वरचं कवच विरघळेल इतका. बाहेर काढला तेव्हा त्याची चमक गेली होती; जुन्या पाटीसारखा दिसत होता. पडद्यावर रेघ सरळ. गाभा सगळं विसरला होता.

"झालं सिद्ध," त्या म्हणाल्या. "आता तुझाही धुवून टाकू?"

"थांबा. त्याला काय पाठ झालंय ते आधी बघू."

डॉ. मुजावरांना फोन लावला आणि रेघ त्यांच्याही पडद्यावर गेली. सुरुवातीला त्या दवाखान्यातल्या गडबडीत अर्ध्या कानानं ऐकत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी मागे कुणाला तरी दार लावायला सांगितलं.

"हा निहिराचा गाभा आहे ना? मग मला काळजी वाटते. तिच्या वयाच्या बाळाचा श्वास भरभर चालतो. हा फार सावकाश आहे. आणि हे बघा, तीन-चार श्वास झाले की थांबतो. मग एक मोठा श्वास. पुन्हा तीन-चार, पुन्हा थांबतो. हे जर तिचं झोपेतलं श्वसन असेल, तर ईशानी, तिला आत्ताच इकडे घेऊन ये."

ईशानी पडद्याच्या अगदी जवळ गेली. रेघ वर, खाली. वर, खाली. वर, खाली. मग थांबली. ती थांबली की ईशानीही थांबे. मग रेघ एकदम उंच जाई आणि तीही मोठा श्वास घेई. मॅडम तिच्याकडे बघत होत्या. पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे.

"ईशानी, तू आत्ता श्वास का रोखलास?"

"रोखला? नाही... म्हणजे, मला सवय लागलीये. निहिराचा श्वास ऐकू यायला हवा ना. माझ्या श्वासाचा आवाज मध्ये येतो. म्हणून मी थोडा वेळ थांबते, तिचा ऐकते, आणि मग..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. केलं नाही तरी ते मॅडमना आणि फोनवर डॉ. मुजावरांनाही ऐकू गेलं.

पट्टी पहिल्यांदा बांधली त्या आठवड्यात निहिरा पाळण्यात अशी नव्हतीच. डॉ. मुजावरांनीच सांगितलं होतं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, जेवढं जमेल तेवढं. कमी वजनाच्या मुलांना त्याच्यासारखं औषध नाही. ईशानीनं ते शब्दशः पाळलं होतं. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर शाल ओढून. गाभा त्या दोघींच्या मध्ये होता. एका बाजूनं मुठीएवढं पोट, दुसऱ्या बाजूनं एका मोठ्या बाईची छाती. मंद गाभ्याला दोन्ही कळली असती. ओपलेल्या गाभ्याच्या अडकलेल्या बांधांना हलवायची ताकद फक्त मोठ्या श्वासात होती. आणि तेव्हा तो नवा होता, ऊब भरपूर होती; वाट पडायला याहून चांगला आठवडा कोणता?

"म्हणजे सहा आठवडे," डॉ. मुजावर सावकाश म्हणाल्या, "मी तुझा श्वास तपासत होते."

"आणि तिचा?"

निहिराचा श्वास सहा आठवडे कोणीच मोजला नव्हता. तिनं किती वेळा विराम घेतला, घेतला की नाही, याची कुठे नोंदच नव्हती.

ईशानीला एकेक आठवू लागलं. वाटीतला घास हातातच ठेवून ती उठायची आणि निहिराच्या तळव्याला अंगठा घासायची, ती श्वास घेईपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, झोपू दे की पोरीला, मणी हिरवा आहे ना. नवरा म्हणायचा, एवढं महागाचं यंत्र मग कशाला बांधलंय. ती ओशाळून म्हणायची की मला उगीच वाटलं ती थांबली म्हणून. उगीच वाटलं, हे तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की तिचाच त्यावर विश्वास बसला होता.

"पट्टी तुझ्यावर लक्ष ठेवून होती," मॅडम म्हणाल्या. "निहिरावर फक्त तू."

तेवढ्यात ईशानीचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं ईशानी, तुझा हा नवा गाभा बिघडलेला दिसतोय बाई. मघापासून दोनदा ओरडला. मणी लाल."

ईशानी उभी राहिली. खुर्ची मागे पडली. "निहू कशी आहे?"

"तिला काय झालंय? झोपली होती शांत. मी आपली तू करतेस तसे तळवे चोळले, तिनं हुं करून एक मोठा श्वास घेतला, मणी हिरवा झाला. आता जागी आहे, माझ्याकडे टकमक बघतेय. पण ते यंत्र आधीचंच बसव. किती गुणाचं होतं, कधी हूं की चूं केलं नाही."

"आई," ईशानी म्हणाली, आणि तिनं पर्स उचलली. "आई, तिच्यावरचा हात काढू नका. मी निघालेय. पट्टी बिघडलेली नाही."

डॉ. मुजावरांनी सगळं ऐकलं होतं. औषध बंद करायचं नाही, त्या म्हणाल्या. उलट मात्रा बघावी लागेल. मी घरी येते, तू दवाखान्यात आणू नकोस, वाटेत हलवाहलव नको. आणि मग: "त्या हुपरीच्या खेपेतल्या पट्ट्या आणखी कितीजणांकडे आहेत?"

मॅडम आधीच दुसऱ्या फोनवर होत्या. कंपनीच्या साहेबांना त्या सांगत होत्या की पत्रं नकोत, सूचना नकोत, आत्ता एकेका घरी फोन करायचा. पलीकडून काहीतरी बदनामीचं बोलणं आलं असावं. "साहेब," मॅडम म्हणाल्या, "आयांना एवढंच सांगायचं की मण्याकडे बघू नका, बाळाकडे बघा. त्यात बदनामी कसली? त्या बघतच असतात."

संध्याकाळी दिवेलागणीला घरात बरीच माणसं होती. डॉ. मुजावर येऊन तपासून गेल्या होत्या. मॅडम प्रयोगशाळेतला लहान पडदा घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी तो पट्टीला जोडला. आकडे परत आले पाहिजेत, म्हणाल्या, निदान या घरात. बाबासोंचा फोन येऊन गेला. बाळ बरं आहे ना, एवढंच विचारलं, आणि ते बरं आहे कळल्यावरही बराच वेळ फोन ठेवला नाही. सासूबाई दुपारपासून निहिराच्या पायापासून हललेल्या नव्हत्या. आपण ओरडणाऱ्या पट्टीला शिव्या दिल्या हे त्यांना फार लागलं होतं, आणि ते बोलून दाखवायचं नव्हतं म्हणून त्या सगळ्यांना आग्रह करकरून खायला घालत होत्या.

ईशानी पलंगाला टेकून बसली आणि तिनं निहिराला छातीशी घेतलं. दोघींच्या मध्ये मंद, पाटीच्या रंगाचा गाभा. पडद्यावर एकदम दोन रेघा उमटल्या. एक सावकाश, मोठी. तिच्या अंगावरून धावणारी दुसरी बारीक, भरभर.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "याला दोघी कळतात."

सगळे बघत होते. नवरा पडद्यासमोर मांडी घालून बसला होता, आपली लेक पहिल्यांदाच बघावी तसा.

बारीक रेघ धावता धावता सपाट झाली.

खोलीतल्या कुणाच्या लक्षात यायच्या आत मोठी रेघही सपाट झाली. ईशानी ऐकत होती. मणी अजून हिरवाच होता. लाल व्हायला त्याला ठरलेला वेळ लागणार होता. तिचा अंगठा मात्र दुपट्याखालून निहिराच्या तळव्यापर्यंत पोचला होता.

बारीक रेघ उसळून वर आली. तिच्या मागोमाग मोठी.

नवऱ्यानं पडद्याकडे बघितलं, मग ईशानीकडे. तो उठून पलंगावर तिच्या शेजारी येऊन बसला, आणि दुपट्याखाली हात घालून त्यानं निहिराचा दुसरा पाय धरला.

"कसं चोळायचं," त्यानं विचारलं, "ते दाखव."